मुठीचं माप

मागच्या ईदला माझा पुतण्या पुण्याहून घरी आला तो खांद्याला एक लांबट काळी चामडी नळी अडकवून. मला वाटलं, बासरीबिसरी शिकतो की काय! त्याने नळीतून दोन दांडे काढले, पेच फिरवून एकमेकांत बसवले आणि काठी माझ्या हातात दिली. "बडे अब्बा, पूल खेळायची क्यू. माझ्या मापाने करवून घेतली."

पूल हा बिलियर्ड्सच्या कुळातला खेळ. कापड लावलेलं टेबल, सहा खिसे, रंगीत चेंडू आणि त्यांना टोलवायला ही काठी. हे कूळ आपल्याला अगदीच परकं नाही. त्यातलं स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या छावणीत जन्मलं, असं मानतात. १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सची हौशी जागतिक स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स तर पुण्याचेच.

मी सुताराचा मुलगा. बी.ए. झालो, कविता करू लागलो, रंधा सुटला. पण लाकूड दिसलं की बोटं फिरवल्याशिवाय राहवत नाही. पुढचा भाग फिक्कट मेपलचा, रेषा टोकापर्यंत सरळ. मागे काळाभोर आबनूस, त्याची चार टोकदार पानं मेपलमध्ये उतरलेली. नखाला सांधा लागत नव्हता. असं लाकूड एकदम उतरवत नाहीत. थोडं कातायचं, काही महिने ठेवून द्यायचं, वाकतंय का पाहायचं, पुन्हा कातायचं. नेहमीची क्यू ५८ इंचांची. याचे हात लांब, म्हणून ही ६० इंचांची. वजन १९ औंस, म्हणजे साधारण ५४० ग्रॅम.

गावात एका माडीवर पूलचं टेबल आहे, तिथं तो मला घेऊन गेला. आधी त्याने तिथलीच काठी घेतली. टेबलावर लोळवली तर ती डुगडुगत गेली. टोकाचं चामडंही चपटं झालेलं. मग स्वतःची काढली. चामडं चेंडूवरून घसरू नये म्हणून टोकाला खडू घासला आणि पांढऱ्या चेंडूला मध्याच्या खाली टोला दिला. एकच कोरडा 'टक'. समोरचा चेंडू खिशात गेला आणि पांढरा आज्ञाधारकपणे मागे आला. पुढचा सोपा टोला मात्र हुकला. तो हसला. "पूर्वी काठीला दोष देता यायचा, बडे अब्बा. आता चुकलं तर माझंच."

मीही एक टोला मारून पाहिला. माझ्या हातामागे वीतभर काठी उरली, तोल गेला, चेंडू भलतीकडे. काठी उत्तम होती, पण माझी नव्हती.

परतताना मला अब्बांचं दुकान आठवलं. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला निघणारी माणसं कोयत्याला मूठ बसवायला यायची. अब्बा बाभळीचा तुकडा तासून हातात द्यायचे, घट्ट धरायला सांगायचे आणि बोटांकडे बघत राहायचे. मूठ जाड झाली तर मनगट भरून येतं, बारीक झाली तर हातात फिरते आणि फोड येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या हिशेबाने. अब्बांकडे मात्र दोघांचे हात वेगवेगळे बघितले जायचे. बाईची मूठ ते बारीक ठेवायचे आणि तिच्याकडूनच खात्री करून घ्यायचे, "बेटी, फिरती तो नहीं?" त्या बाईच्या अंगावरचं लुगडंसुद्धा बाजारातलं. तिच्या मापाची अशी वस्तू तिच्याजवळ तेवढी एकच असावी.

अब्बा गेल्यानंतर एका दसऱ्याला एक बाई आली. मूठ फुटली होती. "चाचांनी केली होती तशीच करून द्या," म्हणाली. मी बाभळीचा तुकडा घेतला, पटाशी घेतली, दुपारपर्यंत खटपट केली. तिने धरून पाहिली. "फिरतीय," एवढंच म्हणाली आणि बाजारातली तयार मूठ घ्यायला गेली. सहा महिने तिला त्याच मुठीने ऊस तोडायचा होता.

पुतण्याला मी विचारलं, तुझ्या कारागिराने माप कसं घेतलं? तो म्हणाला, "आधी मला खेळायला लावलं. तो नुसता हाताकडे बघत होता."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)