घाटाच्या पायऱ्या आणि नॅनोमीटर

सूक्ष्म वस्तूंचे चढउतार प्रकाशानं मोजता येतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला एवढंच सांगायचंय, की उंची नॅनोमीटरमध्ये मिळाली म्हणून आडवा तपशीलही तितकाच बारीक दिसला असं होत नाही. पांढऱ्या प्रकाशाचं इंटरफेरोमीटर घ्या. त्याचं भिंग हळूहळू वरखाली सरकवतात. वस्तूवरून आणि यंत्रातल्या आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटा सारख्या लांबीच्या झाल्या, की तेवढ्यापुरत्या काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात. नदीच्या घाटावर पाणी संथपणे चढावं आणि कुठली पायरी केव्हा भिजली याची नोंद ठेवावी, तसं हे काम. वेळेवरून उंची अचूक कळते. पण नोंद ठेवणारा पैलतीरी बसलाय! अरुंद पायऱ्या त्याला एकमेकींत मिसळलेल्या दिसणार आणि त्यांची मधलीच कुठली तरी उंची वहीत जाणार. घड्याळ कितीही चांगलं असो, नजर तीच राहते. न्यूमेरिकल अपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप. 0.55 न्यूमेरिकल अपर्चरच्या भिंगाला हिरव्या प्रकाशात सुमारे 0.6 मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू नीट वेगळे दिसत नाहीत, 0.13 च्या भिंगाला 2.6 मायक्रोमीटरपेक्षा जवळचे. त्यामुळे बारीक ओरखड्यांचा तोच धातू 0.13 च्या भिंगाखाली अधिक गुळगुळीत ठरतो. धातू बदललेला नसतो, हे कृपा करून ध्यानात घ्या.

कुणी म्हणेल, मग पृष्ठभागावरून हिऱ्याची सुईच फिरवावी. तिच्या टोकाची त्रिज्या बहुधा 2 मायक्रोमीटर किंवा जास्त. अरुंद खाचेत तीही उतरत नाही, शिवाय मऊ पृष्ठभागावर चरा पडू शकतो. इंटरफेरोमीटरच्या माहितीपत्रकातला उंचीचा 0.1 नॅनोमीटर हा आकडा खोटा आहे, असंही माझं म्हणणं नाही. गुळगुळीत, सपाट आरशावर तो खरा ठरतो. पण आरशासारखा पृष्ठभाग तेहतीसेक अंशांहून अधिक कलला, तर 0.55 च्या त्या भिंगात प्रकाश परततच नाही. घाटाची ती भिंत पैलतीरावरून दिसतच नाही म्हणा ना! तिथले रिकामे बिंदू संगणक बऱ्याचदा शेजाऱ्यांवरून भरतो आणि रंगीत चित्र अखंड दिसतं. म्हणून सांगतो, अहवालात उंचीच्या आकड्याशेजारी भिंगाचं न्यूमेरिकल अपर्चर आणि भरलेल्या बिंदूंचं प्रमाण लिहा. कॉन्फोकल पद्धतीबद्दलही बोलायचं होतं. मार्विन मिन्स्कींनी 1957 साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. सूक्ष्म छिद्रामुळे तिथे फोकसबाहेरचा प्रकाश अडतो, पण आडव्या तपशिलाची मर्यादा तिलाही आहेच. ती किती, ते पुन्हा भिंगावरच... पण वेळ संपला.