सोवळे मन

मैत्रिणींनो, घरातली कामे आवरून, कुणी शेगडीजवळ, कुणी अंगणात काजू सोलता सोलता ऐकत असाल. 

आजचा विषय आहे शुद्ध मन. ख्रिस्ती जीवनात शुद्ध मनाला फार मोठी जागा आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आम्ही ख्रिस्ती बायका थोड्या आहोत, ऐकणाऱ्या बहुतेक जणी वेगवेगळ्या धर्मांच्या आहेत. तरी हा विषय आम्ही सगळ्यांसाठी निवडला. कारण शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हा प्रश्न आपल्या कोकणातल्या प्रत्येक घरात रोज उठतो. चुलीपाशी उठतो, विहिरीवर उठतो, हळदीकुंकवाला उठतो.

प्रभू येशूच्या काळातही तो होताच. त्याचे शिष्य रीतीप्रमाणे हात न धुता जेवायला बसले, म्हणून धर्माच्या जाणकारांनी त्याच्याकडे तक्रार केली. हात, भांडी, अंग कसे धुवायचे याचे त्या लोकांचे कडक नियम होते. येशूने त्यांना सांगितले की तोंडातून आत जाणाऱ्या वस्तूने माणूस विटाळत नाही. लोभ, मत्सर, कपट, निंदा, गर्व या गोष्टी आतून बाहेर येतात आणि माणसाला विटाळतात. हे मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. आणि डोंगरावरच्या प्रवचनात त्याने शुद्ध मनाच्या माणसांना धन्य म्हटले, त्यांना देव दिसेल असे वचन दिले.

शुभवर्तमाने मुळात ग्रीक भाषेत लिहिली गेली. तिथे ‘शुद्ध’ यासाठी ‘काथारोस’ हा शब्द आहे. ज्यात भेसळ नाही, ते काथारोस. पाखडून कोंडा काढलेल्या धान्यालाही हाच शब्द लावत. हे आपल्याला चटकन समजते, कारण सूप आपल्या हातातले. तांदळात खडा राहिला तर तांदूळ बाहेरून कितीही पांढरे दिसोत, घासाला दाताखाली येतोच. मनाचेही तसेच.

आता एका बाईंची गोष्ट सांगतो. आपल्यातल्या काहींनी त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवी. ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 मध्ये जन्मले. म्हणजे लक्ष्मीबाईंचे सासर कोकणातले, तेव्हा त्या आपल्याच.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. त्यांच्या वडिलांचे सोवळे फार कडक होते. 1857 च्या धामधुमीत त्यांचे सासरे, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील, फासावर गेले. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. मीठसुद्धा धुवायचे! मीठ धुतले तर काय उरणार, हे आपल्याला सांगायला नको. घरातली बायकामुले या सोवळ्याने अगदी मेटाकुटीला आली होती. लक्ष्मीबाईंनी हे सगळे पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिले. वाचताना हसू येते, आणि त्या घरातल्या बायकांचे किती हाल झाले असतील हेही कळते.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायची. त्या सोवळ्याच्या मुळाशी दुष्टपणा नव्हता. भीती होती. बाहेरून काहीतरी येईल आणि आपले घर बुडवील ही भीती. माणूस घाबरला की दार लावतो, हात धुतो, दुसऱ्याला लांब ठेवतो. पण भीती आतच असते. ती पाण्याने जात नाही.

1880 च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, लक्ष्मीबाईंचे लग्न झाले. पुढे 10 फेब्रुवारी 1895 या दिवशी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी हे संकट केवढे असेल! नवरा हयात, पण त्याच्या घरी पाणी प्यायचे नाही. पदरी लहान मुलगा. चार-पाच वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली, त्यातला काही काळ पंढरपुरात. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. बायकोचे सोवळे त्यांनी सांभाळू दिले.

मग लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार सुरू केला. कुणाच्या उपदेशाने नाही, स्वतःच्या डोक्याने. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या अंगावर तिची काही खूण नसती का? विचार करता करता त्यांना पटले की हे भेद माणसाने केलेले आहेत. एकदा पटल्यावर त्यांनी ते सोडून दिले, आणि कुणाच्याही हातचे खायला-प्यायला लागल्या. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे आधी मनातला विटाळ गेला, मग डोक्यावर पाणी पडले. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

त्याच सुमारास, 1899-1900 मध्ये, देशात मोठा दुष्काळ पडला होता. टिळकांच्या घरात दुष्काळातली अनाथ मुले आली. कुणाची जात कोणती हे न विचारता लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना खाऊ घातले, न्हाऊ घातले, वाढवले. ज्या घरात मीठ धुवून घेत, त्या घरातली ही मुलगी! मन शुद्ध झाले याची खूण कोणती म्हणाल, तर ही. त्या मनात दुसऱ्याला जागा झाली.

आता आपल्याकडे वळू. रत्नागिरी शहरात पतितपावन मंदिर आहे. भागोजीशेठ कीर यांनी ते बांधले आणि 1931 मध्ये ते सर्व जातींच्या लोकांना खुले झाले. आता त्याला नव्वदहून जास्त वर्षे झाली. देवळाचे दार उघडले, पण चुलीचे दार अजून सगळीकडे उघडले का? काही वाड्यांत आजही गटाची बैठक एका ठराविक घरी असली की काही जणींचा नेमका उपास निघतो. चहा पुढे आला की “आत्ताच घेतला” असे उत्तर येते. विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. पाळी आलेल्या मुलीला बाजूला बसवतात आणि तिला वाटते की आपल्यातच काहीतरी घाण आहे. हे फक्त हिंदू घरांत होते असेही नाही. ख्रिस्ती झालेल्या घरांतही लग्न जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये हात जोडून आलो, आणि शेजारणीच्या हातचे पाणी चालत नाही, तर देवाने आपले कोणते मन बघायचे?

ही झाली एक भेसळ. दुसरी भेसळ बारीक असते, ती सुपातही लवकर दिसत नाही. चांगल्याच कामात ती मिसळते. गटातल्या एखादीला कर्ज मंजूर झाले की तोंडाने “बरे झाले गो” म्हणायचे आणि मनात म्हणायचे, “हिला कशाला?” आजारी बाईला पेज नेऊन द्यायची आणि परत येताना तिच्या घरातली अडचण चार घरी सांगायची. पेज चांगली, पाय चालले तेही चांगले, पण सांगण्याच्या हौसेने सगळे नासले. येशूने म्हणूनच सांगितले की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्यालाही कळू नये. म्हणजे लपूनछपून वागा असे नाही. कामाचा हेतू एकच असू द्या. दुसऱ्याचे भले व्हावे हा हेतू, आणि वाहवा मिळावी हा हेतू, असे दोन नकोत.

तिसरी गोष्ट राग आणि क्षमा यांची. इथे बायकांचा फार घोटाळा होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. बाईचे मन शुद्ध असले म्हणजे तिने सगळे गिळावे, नवऱ्याने हात उगारला तरी बोलू नये, असे आपल्याला शिकवले गेले आहे. ही शिकवण चूक आहे. लक्ष्मीबाईंचेच बघा. टिळक देवमाणूस खरे, पण रागीट. हातचा पैसा देऊन टाकणारे, न सांगता घरातून निघून जाणारे. लक्ष्मीबाईंनी यातले काही लपवले नाही. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ छापून येऊ लागले, त्यात त्यांनी नवऱ्याचे संताप, घरातली भांडणे, स्वतःचे हट्ट, सगळे सरळ सांगितले. शाळेत न गेलेल्या बाईने आपल्या घरगुती मराठीत एवढे धाडस केले. आणि त्या पुस्तकात विष नाही. ज्यांनी दुखावले त्यांच्याबद्दलही सूड नाही. खरे बोलायचे आणि तरी द्वेष ठेवायचा नाही, या दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात, हे त्या पुस्तकात दिसते.

म्हणून ऐकणाऱ्या एखादीच्या घरात मारहाण होत असेल, तर गप्प राहणे म्हणजे क्षमा असे समजू नका. बोला. गटात विश्वासाच्या बाईला सांगा. महिलांसाठी 181 हा मदतीचा फोन नंबर आहे, तो लक्षात ठेवा. स्वतःला वाचवणे हे पाप नाही. मनातला द्वेष सोडायला वेळ लागेल, तो देवासमोर हळूहळू सोडता येईल. पण आधी जीव वाचला पाहिजे.

आता शेवटचे. असे मन तयार कसे करायचे? आम्ही चार सवयी सांगतो. अवघड नाहीत, पण रोजच्या आहेत.

पहिली, रात्रीची निवडणी. तांदूळ निवडतो तसा झोपण्याआधी पाच मिनिटे दिवस निवडायचा. आज कुणाला टोचून बोललो? कुणाचे चांगले बघून पोटात दुखले? खडा सापडला की त्याला नाव द्यायचे, म्हणजे मत्सर असेल तर मत्सरच म्हणायचे. “तीच तशी आहे” म्हणून खडा परत तांदळात टाकायचा नाही.

दुसरी, मागणे. आपण आपल्या बळावर मन धुऊ शकत नाही, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. दावीद राजाने मोठे पाप केल्यावर देवाकडे नवे, शुद्ध मन मागितले. ती प्रार्थना स्तोत्रसंहितेत 51 वे स्तोत्र म्हणून आहे. राजाला मागावे लागले, तर आपल्याला मागायला लाज कसली? शब्द सुंदर नसले तरी चालतात. “देवा, मला तिचा राग येतो, तो काढ” एवढेही पुरते.

तिसरी, जाऊन बोलणे. येशूने सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि आठवले की कुणाचे आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा. आपल्याकडे बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून झालेले भांडण दोन-दोन पिढ्या चालते. मुलांना भांडण ठाऊक असते, कारण ठाऊक नसते. पावसाआधी आपण विहिरीचा गाळ उपसतो तसा वर्षातून एकदा तरी हा गाळ काढायला हवा. कठडा कितीही सारवला तरी पाणी नितळ होत नाही.

चौथी, आत काय घेतो ते बघणे. आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. एखाद्या मुलीची बदनामी करणारा, दुसऱ्या धर्माच्या माणसांविषयी विष पसरवणारा मजकूर आला की तो पुढे पाठवायच्या आधी थांबायचे. हे खरे आहे का? माझ्या लेकीबद्दल असते तर पाठवले असते का? बोट थांबले की मनही थांबते.

मैत्रिणींनो, लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी आयुष्यभर घर धुतले. लेकीने एकदाच स्वतःच्या मनात डोकावून प्रश्न विचारला, आणि त्या उत्तराने तिचे घर उपाशी मुलांनी भरले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या.

पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की दहा मिनिटे यावर बोला. आपल्या वाडीत कुणाच्या घरचा चहा अजून नाकारला जातो? हळदीकुंकवाला कुणाला वगळले जाते? आणि पुढच्या महिन्याची बैठक त्याच घरी घेता येईल का? चहा तिच्याच हातचा घ्या. साखर कमी असली तरी दोन घोट जास्त प्या.

देव आपल्या सर्वांना नितळ मन देवो.