दहा दिवसांचा हिशेब



पुणतांबा हे गाव महाराष्ट्राला पूर्वी योगी चांगदेवांच्या समाधीमुळे आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानकामुळे ठाऊक होते. १ जून २०१७ नंतर ते साऱ्या देशाला शेतकऱ्यांच्या संपाचे गाव म्हणून ठाऊक झाले. शहराकडे दूध आणि भाजीपाला जाऊ द्यायचा नाही, असा निर्णय येथील ग्रामसभेतून निघाला आणि राज्यभर पसरला. त्या संपामागे शेतमालाच्या भावाचा आणि कर्जाचा प्रश्न होता. तेव्हा अशा गावात काटकसर या विषयावर बोलताना एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. भाव मागणाऱ्या शेतकऱ्याला 'आधी खर्च कमी करा' असा उपदेश करणारे लोक शहरांत पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे अन्यायाचे आहे. कांद्याचा भाव पडला तर घरातला चहा कमी करून तो खड्डा भरून निघत नाही. परंतु भाव आपल्या हातात नाही आणि घरात आलेला पैसा मात्र आपल्या हातात आहे, हेही तितकेच खरे. आजचा विषय या दुसऱ्या गोष्टीपुरता आहे.

घर कर्जात का बुडते, या प्रश्नाचे एक फार जुने आणि अभ्यासपूर्ण उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. पैशांपेक्षा त्यांचा रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पोहोचले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. हा भाग शाळेच्या पुस्तकात असतो. आयोगाने नोंदवलेला एक निष्कर्ष मात्र सहसा कोणी सांगत नाही.

त्या काळी साहेबांचा आणि आपल्या सुशिक्षितांचाही समज असा होता की, कुणबी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो. आयोगाने खेड्यापाड्यांतील खाती तपासली आणि सांगितले की, लग्नकार्याच्या खर्चाला लोक समजतात तेवढे महत्त्व नाही. अन्नधान्य, बियाणे, बैल, सरकारी सारा अशा वारंवार येणाऱ्या लहान लहान गरजांसाठी काढलेली कर्जेच एकावर एक साचतात, त्यावर व्याज चढते आणि कधीकाळी होणाऱ्या एखाद्या लग्नापेक्षा तीच कुटुंबाला अधिक खोल नेतात. दीडशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या घरखर्चालाही लागू पडते. लग्नाचा खर्च सर्वांना दिसतो, त्याची चर्चा होते. किराणा दुकानातील उधारीची वही मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

या उधारीकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. उधारीवर माल घेणारा मनुष्य भाव विचारत नाही. विचारण्याचा त्याला संकोच वाटतो. दुकान बदलत नाही, कारण मागचे देणे शिल्लक असते. लागेल तसे पाव किलो, अर्धा किलो आणले जाते, लहान पुडे घेतले जातात. दुकानदार कागदावर व्याज लावत नाही, पण त्याचेही भांडवल अडकलेले असते आणि ते तो भावातून वसूल करतो. त्यात त्याचा दोष मानण्याचे कारण नाही. तोही संसारी मनुष्य आहे. म्हणून घरखर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे ही वही बंद करणे. एका महिन्यात ती बंद होणार नाही. परंतु नवा माल रोखीने आणि जुने देणे ठरावीक हप्त्याने, असे दुकानदाराशी समोरासमोर बोलून ठरवले तर तो बहुधा आनंदाने मान्य करतो.

रोख आणायची कोठून, हा प्रश्न येथे उभा राहणारच. गोदाकाठच्या या पट्ट्यात शेतकरी घराचे उत्पन्न नोकरदारासारखे महिन्याच्या एक तारखेला येत नाही. उसाचे बिल कायद्याने तोडणीनंतर १४ दिवसांत मिळायला हवे, पण ते अनेकदा हप्त्याहप्त्यांनी येते. कांद्याची पट्टी हाती पडेपर्यंत ती किती रकमेची असेल, हे सांगता येत नाही. खर्च मात्र रोजचा. या विसंगतीतूनच उधारी जन्माला येते. पण अनेक घरांत एक उत्पन्न असे आहे की जे नियमाने येते: दुधाचा पगार. बहुतेक ठिकाणी तो दर दहा दिवसांनी मिळतो. दहा दिवस ही मुदत घर चालवण्यासाठी महिन्यापेक्षाही सोयीची आहे. ज्या कुटुंबांनी दुधाचा पगार, पशुखाद्याचे पैसे वगळून, केवळ घरखर्चासाठी राखून ठेवला आणि उसाचे व कांद्याचे पैसे घरखर्चाला न लावता पीककर्ज, बियाणे, खते आणि बचत यांसाठी वेगळे ठेवले, त्यांची उधारी पुष्कळ अंशी आपोआप सुटते. ज्या घरी दुभते जनावर नाही, तेथे मजुरीचा आठवड्याचा पैसा किंवा नोकरदाराचा पगार याच पद्धतीने तीन भागांत वाटता येतो.

पैसा वेगवेगळ्या ठेल्यांत ठेवण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. आता जिचे नाव या जिल्ह्याला मिळाले आहे, त्या अहिल्यादेवींच्या होळकर घराण्यात दौलतीचा खजिना आणि खासगीचा खजिना हे दोन स्वतंत्र होते. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली, तेव्हापासून ही व्यवस्था चालत आली. अहिल्यादेवींनी देशभर जी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या, त्यांचा खर्च या खासगीतून झाला; राज्याच्या तिजोरीला त्यांनी तो लावला नाही. एवढ्या मोठ्या राज्याच्या स्वामिनीला जे आवश्यक वाटले, ते पाच एकरांच्या धन्याला अनावश्यक वाटावे, हे नवलच. शेतीचे खाते एक आणि घराचे खाते दुसरे, आणि एकातून दुसऱ्यात घेतले तर ते उसने म्हणून लिहायचे, एवढाच याचा अर्थ.

लिहायचे म्हटले की वही आली. शंभर पानी वही, त्यात तारीख, वस्तू आणि रक्कम. फार रकाने पाडू नयेत. रकाने पाडणारी माणसे पंधरा दिवसांत कंटाळतात. तीन महिने नुसते लिहीत जावे, कोणाला बोल लावू नये. नंतर पती आणि पत्नी दोघांनी बसून ती वही वाचावी. या कामात गृहिणीची वही बहुधा अधिक प्रामाणिक असते, कारण तंबाखूची पुडी, टपरीवरचा चहा आणि मोटारसायकलच्या निष्कारण फेऱ्या घरधन्याच्या स्मरणात राहत नाहीत. रोजचे तीस रुपये म्हणजे वर्षाचे १०,९५०. हा आकडा घरातल्या मोठ्यांनी मुलांसमोर वाचून दाखवला तर कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

आता स्वयंपाकघर. आपल्या आज्या-पणज्या ज्याला वर्षाची बेगमी म्हणत, ती उत्तम अर्थव्यवस्था होती. सुगीनंतर, म्हणजे साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे, गहू आणि शाळू बाजारात भरपूर येतात आणि भाव तुलनेने उतरलेले असतात. तेव्हा वर्षाचे धान्य घेऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरले की श्रावणात चढ्या भावाने दळण आणण्याची वेळ येत नाही. हळद, तिखट, डाळी यांचेही तसेच. पापड, कुरडया, शेवया, सांडगे हे उन्हाळ्याचे वाळवण चार घरांच्या बायकांनी मिळून केले तर श्रमही वाटले जातात. शहरातल्या सदनिकेत पोती ठेवायला जागा नसते हे मान्य. तेथे तीन महिन्यांची बेगमी पुरे. पाकिटातील माल घ्यायचाच तर वेष्टनावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे छापलेली किंमत पाहावी. चाळीस ग्रॅमचा पुडा स्वस्त दिसतो. किलोचा हिशेब केला की तो अनेकदा महाग निघतो.

गॅसचे घरगुती सिलिंडर १४.२ किलोचे. डाळी आणि कडधान्ये भिजवून घेणे, कुकरमध्ये भात आणि वरण एकाच वेळी लावणे, भांड्यावर झाकण ठेवणे, उकळी आल्यावर ज्योत लहान करणे, या गोष्टी सर्व गृहिणींना ठाऊक असतात. घाईत त्या राहून जातात. तीस दिवसांत संपणारे सिलिंडर छत्तीस दिवस पुरले तर वर्षाला दोन सिलिंडरे वाचतात.

विजेच्या देयकात एक मर्म आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून बराच जास्त आणि पुढे आणखी चढत जातो. म्हणजे वाचवलेले युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून कमी होते. महिन्याला १३० युनिटे लागणाऱ्या घराने ३० युनिटे वाचवली तर ती सगळी महाग युनिटे वाचतात. आणि ३० युनिटे वाचवणे कठीण नाही. दोन हजार वॅटचा पाणी तापवण्याचा हीटर रोज अर्धा तास चालला की महिन्याला बरोबर ३० युनिटे होतात. ज्या घरी अंगणात पऱ्हाट्या आणि लाकूडफाटा पडून आहे, तेथे बंब अडगळीत का जावा? पंख्याचेही तसेच आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो, नवा कमी विजेचा सुमारे ३० वॅटचा. रोज बारा तास आणि वर्षातील आठ महिने धरले तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिटे वाचतात. नवा पंखा महाग असतो. म्हणून चांगला चालणारा जुना काढून टाकण्याची घाई नको, तो बिघडेल तेव्हा बदलावा.

औषधांचा खर्च हा वृद्ध माता-पिता असलेल्या घरांचा मोठा भार आहे. रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. २००८ मध्ये केंद्र सरकारने जनऔषधी दुकानांची योजना सुरू केली. तेथे हीच औषधे कंपनीच्या नावाऐवजी मूळ घटकाच्या नावाने आणि बरीच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना घटकाचे नाव लिहून देण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. मात्र पथ्य आणि मात्रा त्यांना विचारल्यावाचून बदलू नये. औषधात काटकसर करायची ती किमतीत. गोळी चुकवून केलेली बचत पुढे रुग्णालयात दामदुपटीने द्यावी लागते.

लहान हप्त्यांची नवी सावकारी हा खरे तर स्वतंत्र विषय आहे. शून्य टक्के व्याज म्हणून विकला जाणारा भ्रमणध्वनी घेताना प्रक्रिया शुल्क किती आणि रोख दिले असते तर किंमत किती कमी झाली असती, हे दोन प्रश्न विचारले की शून्याचा अर्थ कळतो. आणि जुनी सावकारी अजून संपलेली नाही. महिन्याला शेकडा तीन रुपये हे ऐकायला थोडे वाटते. वर्षाला ते छत्तीस टक्के होतात. पन्नास हजारांच्या कर्जावर वर्षाला अठरा हजार व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. इतके व्याज देणारी सुरक्षित ठेव आपल्या देशात कोठेही नाही. म्हणून ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे, त्याची पहिली बचत ते फेडण्यात आहे. तोवर सोने नको, भूखंड नको, नवी गाडीही नको. उलट बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याजात सरकारी सवलत मिळते. उसाच्या बिलातून प्रथम हे कर्ज वळते केले, तर ती सवलत हीच मोठी कमाई ठरते.

वाचलेला पैसा ठेवायचा कोठे, याकडे शेवटी येऊ. बचत गटांची चळवळ महाराष्ट्रातील भगिनींना सांगण्याची गरज नाही. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्याला तीन दशके उलटून गेली. बारा जणींनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाला १४,४०० होतात, आणि गटाने आपसांत दिलेल्या कर्जाचे व्याज पुन्हा त्या बाराजणींकडेच येते. नियमित बैठक आणि चोख लेखे असलेले गट टिकले; केवळ सरकारी अनुदानासाठी निघालेले गट अनुदानाबरोबर संपले. घरोघर चालणाऱ्या भिशीत मात्र कागद नसतो, त्यामुळे ती ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसांपुरतीच ठेवावी. टपाल खात्याची आवर्त ठेव महिना शंभर रुपयांपासून उघडता येते आणि तिला केंद्र सरकारची हमी असते. लेकीसाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी योजना आहे.

नगर जिल्ह्यात पतसंस्था पुष्कळ आहेत. त्यांतील अनेक उत्तम चालतात आणि गरजेला धावून येतात. पण बँक आणि पतसंस्था यांतील एक फरक प्रत्येक ठेवीदाराने समजून घेतला पाहिजे. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. एक-दीड टक्का जास्त व्याज मिळते म्हणून मुलीच्या लग्नाची किंवा निवृत्तीची सारी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणारे गृहस्थ गावोगाव भेटतात. संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल आणि थकबाकीचा आकडा वार्षिक सभेत विचारण्याचा सभासदाला अधिकार आहे. पुढच्या सभेला जाताना तो अहवाल आधी मागून घ्यावा, घरी वाचावा आणि थकबाकीच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारून तो बरोबर न्यावा.