मातीचा मावळा रंगवताना

दसरा होतो, भात पिवळे पडू लागते, आणि आमच्या गणेशपुरीकडे तानसेच्या काठी पोरांची वेगळीच लगबग सुरू होते. कुणी दगड गोळा करतो, कुणी फुटक्या विटा आणतो, कुणी आईची नजर चुकवून गोणपाट पळवतो. अंगणात चिखलाचा किल्ला उभा राहतो, त्यावर हळीव पेरले जातात, आणि मग प्रश्न येतो शिपायांचा. गडावर माणसे नसतील तर तो गड कसला!

बाजारात साच्यातले तयार मावळे मिळतात. पण आज मी सांगणार आहे ते घरी मळलेल्या मातीच्या, हाताने रंगवलेल्या मावळ्याविषयी. मुलांनी हे काम पहिल्यांदाच हाती घेतले, तर ते कसे करावे आणि त्यातून काय शिकावे, एवढाच माझा विषय.

प्रथम मापाचे बोलू. मावळा तीन इंच उंचीचा करावा. खरा माणूस साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच. ६६ ला ३ ने भागले की २२ येतात. म्हणजे आपले जग खऱ्या जगापेक्षा बावीसपट लहान. मग २२ फुटी तट एक फूट उंच हवा, आणि ११ फुटी दरवाजा सहा इंच. गुरुजनहो, प्रमाणाचे गणित शिकवायला याहून चांगला फळा मिळायचा नाही. एरवी पोरांच्या किल्ल्यात मावळा तटापेक्षा उंच असतो, आणि दरवाजातून त्याचे डोकेसुद्धा जात नाही!

माती शाडूची असली तर उत्तम. भाल्यासाठी खराट्याची हीर माती ओली असतानाच हातात रोवावी. मग चार-पाच दिवस सावलीतच वाळू द्यावे. उन्हात ठेवाल तर अंगावर भेगा जातील. पुरता वाळला की पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा, धूळ पुसावी आणि रिकाम्या रिळावर मेणाने चिकटवावा. आता धरायचे ते रीळ. मावळ्याला बोट लावायचे नाही.

इथे नवशिक्याची पहिली चूक होते. ती माझीही झाली होती. मी रंगात भरपूर पाणी घातले आणि ब्रश चिंब भिजवून फिरवला. कच्ची माती ती, तिने पाणी प्यायले आणि माझ्या पहिल्या मावळ्याचे नाक ब्रशाबरोबर निघून आले. तेव्हा ब्रश काठावर निथळून घ्यावा. खडूची पूड आणि थोडे डिंकाचे पाणी कालवून पांढरा हात द्यावा, तो वाळला की दुसरा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. जाड रंगाने मिशा, बोटे, पागोट्याचे पीळ सगळे बुजून जाते.

मग खरे रंग. आधी अंगाचा रंग, मग कपडे, मग कंबरबंद आणि पट्टे, शेवटी शस्त्रे. आतून बाहेर यावे, म्हणजे एखादा फटकारा चुकला तरी पुढच्या रंगाखाली तो झाकला जातो. रंग पेटीतलेच हवेत असे नाही. गेरू आहे, पिवडी आहे, दिव्याची काजळी आहे, कपड्याची नीळ आहे. डिंकाच्या पाण्यात खलले की झाले.

आणि इथेच, श्रोतेहो, मला ज्यासाठी बोलायचे आहे ती गोष्ट येते.

एकदा शाळेत मुले मावळे रंगवत होती. बघतो तो काय, ओळीने वीस मावळे आणि वीसही गोरे गुलाबी! बाजूला शत्रूचे शिपाई, ते मात्र काळे कुळकुळीत आणि लाल डोळ्यांचे. एका मुलाला मी विचारले, “बाळ, मावळा असा गुलाबी का रे?” तो म्हणाला, “गुरुजी, तो शूर होता ना!” म्हटले, “मग शूर माणूस तुझ्या रंगाचा नसतो?” पोरगा गप्प झाला. आपल्या हाताकडे बघत राहिला.

ती शांतता मला अजून आठवते. आमच्या भिवंडी तालुक्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी, आगरी अशी उन्हापावसात राबणारी माणसे. त्यांच्याच लेकरांना वाटावे, की पराक्रमाचा रंग आपल्या कातडीचा नव्हे! हे त्यांना कुणी मुद्दाम शिकवले नसेल, पण रंगपेटीत ‘अंगाचा रंग’ म्हणून गुलाबीच बाटली असली तर मूल दुसरे काय करील?

मावळा होता कोण? सह्याद्रीच्या खोऱ्यातला शेतकरी. त्याच्याबरोबर लढणारा हेटकरी आपल्या कोकणातला, बंदुकीचा नेमबाज. गडाखालच्या मेटांवर आणि रानात चौकी-पहारा करणारे रामोशी, महार, मांग, बेरड, कोळी. या साऱ्यांना एकसारखा गणवेश नव्हता. आखूड चोळणा, कंबरेला घट्ट शेला, डोक्याला मुंडासे, कधी अंगात बंडी, कधी तीही नाही. म्हणून वीसही मावळे एकाच रंगात बुडवू नयेत. एकाचे मुंडासे विटके, एकाची बंडी मळकी, एकाच्या गुडघ्यापर्यंत चिखल. ढाल मात्र काळी, चामड्याची, तिच्यावर पितळी फुले.

तेव्हा मी मुलांना एक युक्ती सांगितली. गेरू, पिवडी आणि चिमूटभर काजळी कालवा. आपला हात शेजारी धरा. रंग हाताशी मिळेपर्यंत मिसळत राहा. मिळाला की तोच मावळ्याला लावा. त्या दिवशी वीस मुलांचे वीस वेगवेगळे रंग झाले, आणि तीच खरी फौज दिसू लागली.

आता शत्रूच्या शिपायाचे. आमच्याजवळच वज्रेश्वरीचे देऊळ आहे, तटबंदीमुळे गडच वाटावा असे. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला आणि विजयानंतर हे देऊळ बांधले, असे सांगतात. मे १७३९ मध्ये वसई पडली. तेव्हा हरलेल्या पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह, ढोल वाजवीत मानाने बाहेर पडू दिले गेले. जिंकणाऱ्याने जो मान दिला, तो आपण आपल्या ब्रशाने काढून घेऊ नये. शत्रूचा शिपाईही कुणाचा तरी मुलगा. त्याचा चेहरा तेवढ्याच काळजीने रंगवावा. दुबळ्या, विद्रूप शत्रूला हरवण्यात मर्दुमकी ती काय?

आता शेवटचा हात. एवढ्या लहान पुतळ्यावर ऊनसावली नीट उमटत नाही, ती आपल्याला रंगाने दाखवावी लागते. काव थोडी पातळ करून वस्त्रांच्या चुण्यांत सोडावी, वरचेवर लगेच टिपून घ्यावी. ते वाळले की ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करून, फिकट रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. मुंडाशाचे पीळ कसे उठून दिसतात, बघा.

डोळे सर्वांत शेवटी. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडे देतात, ते उगीच नव्हे. मुले दोन मोठे पांढरे ठिपके देतात आणि मध्ये काळा टिपका. मग मावळा भूत पाहिल्यासारखा दचकलेला दिसतो! तीन इंची माणसाला भुवईखाली एक बारीक गडद रेघ आणि तिच्या मध्यावर एक टिपका पुरतो. आणि हो, ब्रशाचे टोक करायला तो तोंडात घालू नये. विलायतेत १८९३ पासून विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ शिशाचे शिपाई घरोघर पोचवले. असा जुना शिपाई कुणाच्या हाती आला, तर तो लहानग्यांपासून दूर ठेवावा. शिसे विषारी असते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आनंदाची गोष्ट आहे. पण त्या किल्ल्यांचे दगड वाहिले, तट राखले ती माणसे कुठल्या यादीत नाहीत. ती आपल्या अंगणातल्या किल्ल्यावर तरी दिसावीत, आणि दिसावीत ती आपल्यासारखी.

त्या मुलाने मग आपला मावळा पुन्हा रंगवला. दिवाळीत त्याने तो दरवाजावर उभा केला होता. मी विचारले, “हा कोण रे?” तो म्हणाला, “माझा आजा दिसतो ना, गुरुजी?”

या दिवाळीला तुमच्या घरी, तुमच्या शाळेत असा एक तरी मावळा उभा राहो.