परिचारिकेची परवाना परीक्षा आणि मनाचा तोल



रुग्णाच्या उशाशी रात्रभर जागणारी परिचारिका सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तिला तेथे उभे राहण्याचा अधिकार कोण देतो आणि तो कोणत्या कसोटीवर दिला जातो, याचा विचार क्वचितच केला जातो. परिचारिकांची नोंदणी देशव्यापी कायद्याने करण्याची सुरुवात न्यूझीलंडने १९०१ साली केली. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्याने १९०३ साली तसा कायदा केला. आपल्याकडे तत्कालीन मुंबई प्रांतात १९३५ साली व पुढे महाराष्ट्र राज्यात १९६६ साली यासंबंधीचे अधिनियम झाले. परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराची परिषदेकडे नोंदणी व्हावी, अशी आपल्याकडील रीत आहे.

अमेरिकेत मात्र पदवी वा पदविका हाती आल्याने केवळ परीक्षेला बसण्याचे दार उघडते. परवाना मिळतो तो ‘एनक्लेक्स’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र परीक्षेनंतर. कॅनडातील बहुतेक प्रांतांनीही २०१५ पासून हीच परीक्षा स्वीकारली आहे. तिचे केंद्र मुंबईतही असल्याने अमेरिकेत नोकरी करू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील परिचारिकेला परीक्षेसाठी परदेशी जावे लागत नाही. म्हणून हा विषय दूर देशीचा असला तरी तो आता जिल्ह्याच्या रुग्णालयातील वॉर्डापर्यंत आणि तेथून गावातील घरापर्यंत पोहोचला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा घरच्या विरोधाशी झगडावे लागे. आज तशाच घरांतून मुलीच्या परीक्षेसाठी कर्ज काढले जाते. काळ पालटला हे खरे. पण कर्जाबरोबर मनावरचे ओझेही आले.

या परीक्षेचे स्वरूप नीट समजल्याशिवाय तिच्या भीतीचे मूळ समजत नाही. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर घेतली जाते आणि संगणक प्रत्येक उमेदवाराला वेगळे प्रश्न देतो. उत्तर बरोबर आले की पुढील प्रश्न थोडा कठीण, चुकले की थोडा सोपा, अशा रीतीने उमेदवाराची पातळी कोठे आहे याचा तो शोध घेत जातो. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात आणि एकूण वेळ ५ तासांचा असतो. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक तेथेच थांबतो. एकदा दिलेले उत्तर मागे जाऊन बदलता येत नाही.

आता यातील मर्म पाहावे. संगणक सतत उमेदवाराच्या पातळीच्या जवळपासचेच प्रश्न काढीत असल्याने, हुशार उमेदवाराचीही बरीचशी, जवळजवळ निम्मी, उत्तरे चुकू शकतात. ज्या विद्यार्थिनीने शाळेपासून ऐंशी-नव्वद टक्के गुणांखाली पाहिलेले नाही, तिला हा अनुभव सर्वस्वी नवा असतो. प्रश्न कठीण होत जातात, खात्री वाटेनाशी होते आणि चाळिसाव्या प्रश्नाच्या सुमारास ‘आपण बुडालो’ असे तिच्या मनाने घेतलेले असते. वस्तुतः प्रश्न कठीण होणे हे आधीची उत्तरे चांगली गेल्याचे लक्षण असू शकते. तीच गोष्ट ८५ व्या प्रश्नाला पडदा बंद होण्याची. त्यावरून उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, काहीच ठरत नाही. दोन्हींपैकी कोणतीही एक खात्री संगणकाला झाली, एवढाच त्याचा अर्थ. आणि दीडशेव्या प्रश्नापर्यंत पोहोचलेली उमेदवार त्या क्षणापर्यंत शर्यतीत असते. शिवाय या प्रश्नांपैकी १५ प्रश्न केवळ पुढील परीक्षांसाठी पारखून पाहण्याकरिता घातलेले असतात, त्यांना गुण नसतात. एखादा प्रश्न अगदीच अनोळखी वाटला तर तो त्यांपैकी असेल असे समजून पुढे जावे, हे शहाणपणाचे.

दुसरी अडचण ज्ञानाची नाही, सवयीची आहे. एप्रिल २०२३ पासून या परीक्षेत रुग्णाची सविस्तर हकीकत देऊन तिच्यावर सहा प्रश्न विचारण्याची पद्धत सुरू झाली, आणि प्रत्येक उमेदवाराला अशा किमान तीन हकीकती सोडवाव्या लागतात. लक्षणे टिपणे, त्यांचा अर्थ लावणे, कशाला प्राधान्य द्यायचे ते ठरविणे, उपाय योजणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे, या क्रमाने विचार करणारी परिचारिका त्यांना हवी असते. चार रुग्ण एकाच वेळी आहेत: एकाला शस्त्रक्रियेनंतर वेदना होत आहेत, एक घरी जाण्याच्या कागदांसाठी खोळंबला आहे, एकाचे सलाईन संपत आले आहे आणि दम्याच्या एका रुग्णाच्या छातीतील घरघर अचानक थांबली आहे. आधी कोणाकडे जावे? घाईत वाचणारी उमेदवार घरघर थांबली म्हणजे आराम पडला असे समजते. अनुभवी परिचारिका मात्र धावत त्याच्याकडेच जाते, कारण श्वासनलिका इतकी आवळली गेली असेल की हवा आत-बाहेर जातच नसेल. घरघर करायलाही हवा लागते.

येथे आपल्याकडील परिचारिकेचा अनुभव तिला तारतो, आणि काही ठिकाणी तोच तिला फसवितो. चाळीस-पन्नास रुग्णांचा वॉर्ड एकटीने सांभाळलेल्या, आंघोळ घालणे, भरविणे, कूस बदलणे ही कामे नातेवाइकांच्या मदतीने पार पाडलेल्या सिस्टरला प्रश्न वाचताना ‘प्रत्यक्षात काय होते’ हेच आठवते. परीक्षेतील रुग्णालयात मात्र मनुष्यबळ पुरेसे असते आणि साहित्यही हाताशी असते. तेथे मावशीला कोणते काम सांगता येईल आणि कोणते परिचारिकेने स्वतःच करावयाचे, याची रेषा स्पष्ट असते. रुग्णाची पहिली तपासणी, त्याला द्यावयाची शिकवण आणि निर्णय ही कामे दुसऱ्यावर सोपविता येत नाहीत. रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती द्यावी की नाही हे थोरला भाऊ ठरवीत नाही, शुद्धीवर असलेला रुग्ण स्वतः ठरवितो. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधही डोळे मिटून द्यावयाचे नसते. प्रौढ रुग्णाला डिगॉक्सिन द्यायचे आहे आणि नाडी मिनिटाला ५२ भरली, तर औषध थांबवून डॉक्टरांना कळविणे हेच योग्य उत्तर. ‘साहेबांनी लिहिले आहे’ हे कारण तेथे चालत नाही. खरे पाहता ते आपल्याकडेही चालू नये. पाठ्यपुस्तकात तसे लिहिलेलेच आहे.

अभ्यासाच्या पद्धतीविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण परिचर्या विद्यालयांतील अनेक शिक्षक येथे उपस्थित आहेत. आपल्याकडे अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणे, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग याबाबतीत लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी पुस्तक मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. वाचणाऱ्याला आपल्याला सारे येते असा जो विश्वास वाटतो, तोच त्याचा घात करतो. म्हणून रोज पन्नास-साठ सरावप्रश्न सोडवावेत आणि प्रश्न सोडविण्यापेक्षा जास्त वेळ त्यांची कारणे वाचण्यात घालवावा. बरोबर आलेल्या उत्तराचे कारणही वाचावे, कारण अंदाजाने लागलेले उत्तर दुसऱ्यांदा लागेलच असे नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेने सकाळी घरी येताच पुस्तक उघडू नये. आधी झोप, मग अभ्यास. जागरणाने शिणलेल्या डोळ्यांनी तीन तास वाचलेले दुसऱ्या दिवशी राहत नाही.

आता भीतीविषयी. भीती मुळीच वाटू नये, असे सांगणाऱ्याने स्वतः परीक्षा दिलेली नसावी. थोडी धास्ती मनाला जागे ठेवते. ती मर्यादेपलीकडे गेली की काम बिघडविते. परीक्षेच्या भीतीचे दोन भाग संशोधकांनी वेगळे दाखविले आहेत. एक शरीराचा: छाती धडधडणे, तळहात ओले होणे, पोटात गोळा येणे. दुसरा विचारांचा: ‘नापास झाले तर घरी काय सांगू, कर्ज कसे फेडू.’ नुकसान मुख्यतः दुसऱ्याने होते, कारण जी बुद्धी प्रश्नाकडे लावायची तीच चिंतेत गुंतून राहते. अशा वेळी परिचारिकेने स्वतःला एक आठवण द्यावी. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी घाबरलेल्या रुग्णाला ती काय सांगते? ‘घाबरू नका’ एवढेच नव्हे. उद्या किती वाजता नेतील, कोठे नेतील, भूल कशी देतील, शुद्ध आल्यावर काय वाटेल, हे ती क्रमाने सांगते आणि रुग्णाचा चेहरा निवळतो. हाच उपचार तिने स्वतःवर करावा. परीक्षाकेंद्र आधी एकदा पाहून यावे. तेथे छायाचित्र काढतात, तळहाताची नोंद घेतात, घड्याळ व पिशवी बाहेर ठेवावी लागते, लिहिण्यास पुसता येणारी पाटी मिळते, मध्ये विश्रांती घेता येते परंतु वेळ थांबत नाही, हे सारे ठाऊक असावे. १५० प्रश्नांना ३०० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटे. हा हिशेब मनात पक्का असला की अर्धी धडधड कमी होते.

प्रत्यक्ष परीक्षेत मन सुटू लागले तर हात बाजूला घ्यावेत, पावले जमिनीवर टेकवावीत, श्वास सावकाश सोडावा, तो आत घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. असे चार-पाच श्वास झाले की प्रश्न पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचावा. यात मिनिटभर जाते, ते जाऊ द्यावे. मात्र हा श्वासही आधीच्या महिन्यांत सरावप्रश्नांच्या वेळी घोटलेला हवा. ऐन वेळी शिकलेली गोष्ट ऐन वेळी उपयोगी पडत नाही. या परीक्षेत मागे वळता येत नसल्याने, गेलेल्या प्रश्नाची खंत करण्यात काही हशील नाही. वॉर्डात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात, तसे प्रश्नाप्रश्नामधून मन धुऊन घ्यावे.

एक बाब कागदांची आहे, आणि ती विशेषतः अधिकारी व पंचायत सदस्यांनी ऐकावी. भारतातील केंद्रावर ओळख पटविण्यासाठी पारपत्र लागते आणि त्यावरील नाव परीक्षेच्या अनुमतिपत्रावरील नावाशी जुळावे लागते. आपल्याकडे मुलीची प्रमाणपत्रे वडिलांच्या नावाने व माहेरच्या आडनावाने असतात. लग्नानंतर पारपत्र पतीच्या नावाने निघते आणि परिषदेकडील नोंदणी आणखी तिसऱ्याच रूपात राहते. नाव न जुळल्यास उमेदवाराला दारातून परत जावे लागते आणि २०० डॉलरचे शुल्क बुडते. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलीवर केवळ आडनावामुळे ही पाळी येणे दुःखाचे आहे. ग्रामपंचायतीतील विवाहाची नोंद, राजपत्रातील नावबदल, विद्यालयाकडील गुणपत्रकांची प्रमाणित प्रत, ही कामे वेळच्या वेळी झाली तर तिच्या मनावरील निम्मा भार हलका होईल. विद्यालयातील लिपिकाच्या टेबलावर एखादा अर्ज दोन महिने पडून राहिला, तर त्या दोन महिन्यांत तिच्या हातून किती अभ्यास होत असेल?

घरातील मंडळींनी ‘तयारी कुठवर आली?’ असे रोज विचारू नये. सासूबाईंनी संध्याकाळचा स्वयंपाक दोन तासांसाठी आपल्याकडे घेतला, तर तो कोणत्याही आशीर्वादापेक्षा मोठा आहे. आणि परीक्षेतील प्रश्न आधी मिळवून देतो असे सांगून पैसे मागणारा कोणी भेटला, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. प्रत्येक उमेदवाराला वेगळे प्रश्न येणाऱ्या परीक्षेत असे आश्वासन फसवणुकीचेच असते; वर निकाल रद्द होण्याचा धोका.

निकाल विरुद्ध लागला तरी वाट बंद होत नाही. साधारणतः ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. अनुत्तीर्ण उमेदवाराला कोणत्या विभागात ती रेषेच्या वर, जवळ किंवा खाली होती, हे दर्शविणारा अहवाल मिळतो. तो कागद पेटीच्या तळाशी ठेवून देण्याकडे साहजिकच कल असतो. तसे न करता तो शिक्षकांसमोर उघडावा आणि जेथे ‘खाली’ असे लिहिले असेल त्या विभागापासून पुढील ४५ दिवसांचा अभ्यास सुरू करावा.