लस आहे, मग मूल का राहतं?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय, ‘जगातल्या प्रत्येक मुलापर्यंत लस कशी पोहोचेल?’ विषय मोठा आहे आणि मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण या विषयाकडे मला घरातल्याच एका लहानग्याने ओढून नेलं, म्हणून सुरुवात घरापासून करते.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवरची साथ आली. गोवंडीच्या वस्त्यांमध्ये मुलं दगावली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा एकवीस महिन्यांचा होता. ताप आला, पुरळ उठलं, मग न्यूमोनिया झाला. नऊ दिवस तो ऑक्सिजनवर होता. वाचला, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस दिली होती का?” बहीण खाली बघत राहिली.

घरात कुणाचाही लसीला विरोध नव्हता. नऊ महिने भरले तेव्हा बहीण सासरच्या गावी होती. परत आली तेव्हा लसीकरणाचं कार्ड गावीच राहिलं. लसीकरणाच्या ठिकाणी तिला सांगितलं, “कार्ड घेऊन या.” दुसऱ्यांदा गेली, तेव्हाही तेच. ती घरकामाला जाते, अर्धा दिवस बुडाला की पगार कापला जातो. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. आणि मी? मी शिकलेली खाला. ईदला त्याच्यासाठी कपडे घेतले, खेळणी घेतली, पण “याची लस झाली का गं?” एवढं एक वाक्य मला विचारता आलं नाही. आज तुमच्यासमोर उभी आहे ती त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी.

आता इथून जगाकडे जाऊ. जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ मध्ये सर्व देशांसाठी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत लसींमुळे सुमारे १५ कोटी ४० लाख जीव वाचले असा अंदाज आहे. तरीही २०२३ मध्ये जगात १ कोटी ४५ लाख बाळांना नेहमीच्या लसींचा पहिला डोससुद्धा मिळाला नाही. त्यातली सुमारे १६ लाख भारतातली होती. लसींच्या उत्पादनात आघाडीवर असलेल्या देशात ही स्थिती! लस कुपीत असणं आणि मुलाच्या दंडात जाणं यात मोठं अंतर आहे. मला त्या वाटेवर तीन दारं दिसतात: किमतीचं, सत्तेचं आणि विश्वासाचं.

पहिलं दार किमतीचं. तुमच्यापैकी कुणाचे दादा-दादी, नाना-नानी हजला गेले असतील, तर त्यांना निघण्याआधी मेनिंजायटिसची लस घ्यावी लागली असेल. ही अट का आली? १९८७ च्या हजमध्ये या आजाराची साथ पसरली आणि हाजींबरोबर ती अनेक देशांत गेली. त्यानंतर सौदी अरेबियाने लस सक्तीची केली. माझ्या नानांनाही ती मिळाली. पण सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात हाच आजार पुन्हा पुन्हा थैमान घालत होता. १९९६-९७ मध्ये तिथे अडीच लाखांवर लोक आजारी पडले, पंचवीस हजार मेले. मोठ्या कंपन्यांना या गरीब देशांसाठी लस बनवण्यात नफा दिसत नव्हता. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला परवडणार नाही अशी लस आणू नका.

मग जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने उलट्या क्रमाने विचार केला. आधी किंमत ठरवली, एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी, आणि मग ती पाळू शकेल असा उत्पादक शोधला. तो पुण्यात सापडला, सीरम इन्स्टिट्यूट. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ही लस द्यायला सुरुवात झाली. पुढे तीस कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ प्रकारच्या मेनिंजायटिसचा एकही पक्का रुग्ण नोंदला गेलेला नाही. किंमत माणसं ठरवतात आणि माणसं ती बदलूही शकतात, हे इथे दिसलं.

दुसरं दार सत्तेचं. करोनात हेच पुणे पुन्हा केंद्रस्थानी आलं. गरीब देशांना लस मिळावी म्हणून ‘कोव्हॅक्स’ योजना उभी राहिली. तिची मोठी भिस्त पुण्याच्या लसीवर होती. श्रीमंत देशांनी मात्र आधीच करार करून साठे बुक केले होते. त्यात २०२१ च्या मार्चमध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि ‘कोव्हॅक्स’साठी ती नोव्हेंबरमध्येच पुन्हा सुरू झाली. २०२१ अखेर २०० कोटी डोस पोहोचवायचे ठरले होते. १०० कोटीवा डोस पोहोचायला जानेवारी २०२२ उजाडलं. आपली माणसं ऑक्सिजनअभावी मरत असताना सरकारने आधी देशाकडे पाहिलं, हे मी समजू शकते. पण त्याच वेळी आफ्रिकेतली परिचारिका लसीविना रुग्ण तपासत होती, हेही विसरता येत नाही. सगळ्या जगाची भिस्त एका शहरावर ठेवली तर त्या शहराचं संकट सगळ्यांचं होतं. म्हणून लस बनवण्याचं तंत्र आणि कारखाने अनेक देशांत हवेत. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेकडे पेटंटसारखे हक्क तात्पुरते बाजूला ठेवण्याची मागणी केली होती. निर्णय आला जून २०२२ मध्ये, तोही फक्त लसींपुरता आणि बराच पातळ होऊन. आता पैशाचाही प्रश्न आहे. गरीब देशांच्या लसींचा खर्च उचलणाऱ्या ‘गावी’ या संस्थेला यापुढे निधी देणार नाही, असं अमेरिकेने जून २०२५ मध्ये जाहीर केलं.

तिसरं दार विश्वासाचं, आणि ते आपल्या मोहल्ल्यात आहे. इथे मी समाजाला झोडपणार नाही. लोक घाबरतात त्यामागे कधी कधी खरी कारणं असतात. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण घराघरांत राहिली. २०११ मध्ये अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएने हिपॅटायटिस-बी लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. त्याचा फटका पाकिस्तानातल्या पोलिओ कार्यकर्त्यांना बसला. २०१४ मध्ये अमेरिकेला सांगावं लागलं, की लसीकरणाचा आडोसा यापुढे घेणार नाही.

पण भीती खरी असली तरी तिची किंमत मुलं मोजतात. २००३ मध्ये नायजेरियाच्या कानो राज्यात पोलिओ लसीने वंध्यत्व येतं अशी अफवा पसरली आणि लसीकरण थांबवलं गेलं. जवळजवळ वर्षभराने ते सुरू झालं, इंडोनेशियातून, म्हणजे एका मुस्लिमबहुल देशातून लस आणल्यावर. पण तोवर विषाणू प्रवासाला निघाला होता. २००५ मध्ये तो इंडोनेशियातच पोहोचला. दहा वर्षं पोलिओमुक्त असलेल्या त्या देशात सुमारे तीनशे मुलं अपंग झाली. अफवा एका खंडातली, पाय दुसऱ्या खंडातल्या मुलांचे गेले.

आपल्याकडे हे दार कसं उघडलं तेही पाहा. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या काळात घरोघर त्याच वस्तीतल्या बायका गेल्या. मशिदींतून पुकारा झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लियासारख्या संस्था कामाला लागल्या. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तसा एकही नाही.

त्याहून जुनी गोष्ट मुंबईची आहे. १८९७ मध्ये प्लेग पसरला होता आणि हाफकिन यांच्या लसीवर लोकांचा विश्वास नव्हता. तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे तिसरे आगाखान पुढे आले आणि त्यांनी लोकांसमोर ती लस टोचून घेतली. पुढे हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला स्वतःची जागाही दिली. भाषण देण्याआधी त्यांनी दंड पुढे केला. ते तुमच्याच वयाचे होते.

मग तुम्ही काय कराल? शिबिरातून घरी गेल्यावर आधी आपल्या घरातल्या, मग गल्लीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची कार्डं बघा. नवव्या ते बाराव्या महिन्यात एक आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात दुसरा, असे गोवर-रुबेलाचे दोन डोस असतात. राहिले असतील तर पाच वर्षांपर्यंत देता येतात, सरकारी केंद्रात मोफत. कार्ड हरवलं असेल तर त्या आईबरोबर स्वतः जा आणि नोंद नव्याने करून घ्या. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला ‘उद्या या’ म्हणणं कठीण जातं. आशाताईंना भेटा. कामावर जाणाऱ्या आयांसाठी संध्याकाळी किंवा रविवारी सत्र ठेवा, अशी लेखी मागणी करा. जुम्याला पुकारा करायची विनंती पेश इमाम साहेबांना करा. कुणी शंका काढली तर हसू नका. आधी पूर्ण ऐका, माहीत असेल तेवढंच सांगा, उरलेलं डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी परत जा. परत जाण्यानेच विश्वास बसतो.

आणि पहिली दोन दारंही विसरू नका. स्वस्त लस ही नशिबाची गोष्ट नसते, धोरणाची असते. मत मागायला येणाऱ्याला आरोग्याच्या बजेटबद्दल विचारा. गाझा, सुदान, येमेनमधल्या मुलांसाठी दुआ करतो, तशी त्यांच्या लसीसाठी मागणीही करा. गोवरचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. त्याला सरहद्द कळत नाही, मजहब कळत नाही.

माझा भाचा आता बालवाडीत जातो. मागच्या ईदला सगळी भावंडं जमली होती. शीरखुर्मा वाढता वाढता बहिणीने नव्या जावेला विचारलं, “बाळाची नवव्या महिन्याची सुई झाली का?” तिने विचारलं, मी नाही. मी फक्त ऐकलं आणि मला बरं वाटलं.

तुम्हीही आज घरी फोन करून एवढं विचारा.