शेकापच्या जागांचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून एकच सवाल फिरतो आहे. लाठ्या आपण खायच्या आणि विधानसभेत दुसरेच बसायचे, हे किती दिवस? आपलाच पक्ष काढू. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसं. पेरणीआधी शेजारच्या रानात काय उगवलं ते बघायची खोड आहे. शेतकरी कामगार पक्षाचं रान बघू या.

१९४७-४८ मध्ये शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी काँग्रेस सोडून तो उभा केला. १९५२ ला मुंबई राज्यात १४ आमदार. १९५४ ला खुद्द जेधेच काँग्रेसमध्ये परतले! तरी पक्ष टिकला. १९६७ ला १९ जागा, १९७२ ला ७, १९७८ ला पुन्हा १३ आणि एन. डी. पाटील मंत्री. मग उतरण. २०१४ ला ३, २०१९ ला १, २०२४ ला १.

लढे कमी पडले का? नाही. १९८४ ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. २००८ ला रायगडच्या २२ गावांत सेझवर जनमत घ्यावं लागलं. जमिनी वाचल्या, जागा नाही वाचल्या. सोसायटीचं कर्ज आणि उसाची तोड ज्याच्या हातात, मत त्याला. आपल्याच घरातलं सांगतो आहोत, राग मानू नका.

सांगोला मात्र वेगळा. गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा निवडून आले, सगळे लाल बावट्यावर. १९७२ आणि १९९५ ला पडले. तालुका सोडला नाही, पक्षही नाही. २०१९ ला त्यांचा नातू ७६८ मतांनी पडला, २०२४ ला दुसऱ्या नातवानं जागा परत आणली. तिथंही शेवटी घरचाच माणूस लागला, हे आम्हाला खुपतं.

तेव्हा पक्षाचं नाव, झेंडा यावर दुपार घालवू नका. निवडणूक नसलेल्या वर्षीही जिथं आपली बैठक भरते, अशा गावांची यादी प्रत्येक तालुक्यानं जेवणाआधी द्यावी. मागच्या बैठकीत मागितली होती. तीनच तालुक्यांनी दिली, आणि त्यात आमचा तालुका नव्हता.